दशांश अपूर्णांकांची बाकी

१ मीटर फितीचे ०.१ मीटरचे तुकडे केले तर काहीच उरत नाही. पायथनमध्ये मात्र १ ला ०.१ ने भागल्यावर बाकी ०.०९९९९९९९९९९९९९९९५ येते. द्विमान पद्धतीत ०.१ आवर्ती असल्याने तो किंचित मोठा साठवला जातो, म्हणून भाग नऊदाच जातो.

पायथनच्याच ‘डेसिमल’ प्रकारात अंक दशमान पद्धतीतच राहतात. ७.५ ला ०.४ ने भागताना दोन्ही संख्या दहापट करायच्या: ७५ भागिले ४, बाकी ३, म्हणजे ०.३.

चिन्हाकडे खास लक्ष हवे. −७ ला ४ ने भागल्यावर पायथनचे पूर्णांक १ देतात, डेसिमल −३. शिवाय भागाकाराचा पूर्णांक ठरलेल्या अंकसंख्येत (मुळात २८) मावला नाही, तर बाकीऐवजी त्रुटी येते; तेव्हा ही मर्यादा आधीच वाढवावी.