शून्य सापडले, म्हणजे किती असतील?

पांढरकवड्याच्या बाजारातलं किती कच्चं मांस साल्मोनेलाने दूषित असेल? प्रश्न सरळ आहे, पण उत्तर ठरतं ते नमुना कोणी, कुठून आणि किती घेतला यावर. गायीपाठोपाठ बैल-वळूंच्या कत्तलीवरही २०१५ मध्ये बंदी आली, त्यामुळे महाराष्ट्रात बीफ म्हणजे म्हशीचं मांस उरलं. जंतूला मात्र म्हैस काय नि बोकड काय, सारखेच. तो असतो आतड्यात. कातडी सोलताना, आतडं फाटताना मांसावर उतरतो.

प्रयोगशाळेत २५ ग्रॅम मांस २२५ मिलिलिटर पेप्टोनच्या द्रावणात घालून ३७ अंशांवर अठराएक तास ठेवतात. अर्धमेले जंतू तेवढ्यात सावरतात. पुढे निवडक माध्यमांतून नेऊन ते लाल एक्सएलडी बशीवर पसरले, की साल्मोनेलाचे ठिपके मधोमध काळे पडतात; मग खात्रीच्या चाचण्या होतात. निकाल फक्त 'आहे' किंवा 'नाही'. मुळात एक जंतू होता की लाख, हे त्यातून कळत नाही.

आता समजा, पाच नमुने तपासले आणि पाचही स्वच्छ निघाले. बाजारातलं दहा टक्के मांस दूषित असलं, तरी शंभरातल्या एकोणसाठ वेळा हेच घडेल! साठ नमुने स्वच्छ निघाले, तर दूषित मांस पाच टक्क्यांच्या आत आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. एक टक्क्याची हमी हवी, तर तीनशे नमुने लागतात.

खिम्याचा हिशोब आणखी वेगळा. अखंड तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, ते तव्यावर मरतात. खिमा करताना ते आत जातात. शिवाय दर जनावरामागे पाच टक्के शक्यता धरली, तर दहा जनावरांच्या एकत्र खिम्यात ती चाळीसवर पोचते. अमेरिकेत १९९३ मध्ये ई. कोलाय ओ१५७ असलेल्या अर्धकच्च्या बर्गरने सातशेहून अधिक आजारी पडले, चार मुलं गेली. पुढच्याच वर्षी तिथे खिम्यातला हा जंतू कायद्याने भेसळ ठरला.

आणि हे सगळं गणित नमुने एकमेकांपासून स्वतंत्र असले तरच खरं. एकाच सत्तुराने, एकाच ओंडक्यावर तोडलेले साठ तुकडे हे साठ नमुने नव्हेत. पांढरकवड्यात मोजायचं, तर दुकानं बदलली पाहिजेत, वारही आणि वेळही. सकाळचा तुकडा दुपारी उन्हात टांगलेल्या तुकड्याबद्दल काही सांगत नाही.