साइट तयार, पैसे बाकी

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या वेब डिझायनरचे पैसे अडकायची सुरुवात काम घेतानाच होते. फोनवर रक्कम ठरते, व्हॉट्सॲपवर लोगो येतो आणि काम सुरू होते. पाने किती, बदल किती वेळा, पैसे कधी, यातले काहीच लिहिलेले नसते. साइट तयार झाली की ग्राहकाला आणखी दोन पाने हवीशी वाटतात आणि ‘तेवढं झालं की सगळं एकदम देतो’ असे उत्तर मिळते. हे टाळायला वकिली करारनामा लागत नाही. एका पानाचे कोटेशन आणि त्याला ईमेलवर आलेला होकार एवढ्यानेही पुष्कळ काम होते.

पैसे टप्प्यांत घेणे हा दुसरा भाग. 60 हजारांचे काम असेल तर 30 हजार ॲडव्हान्स, डिझाइन मंजूर झाल्यावर 18 हजार आणि साइट हाती देण्यापूर्वी 12 हजार, अशी विभागणी करता येते. ॲडव्हान्स खात्यात आल्याशिवाय कामाला हात लावू नये. ॲडव्हान्स द्यायलाच जो आढेवेढे घेतो, तो शेवटचा हप्ता वेळेवर देईल ही आशा बहुधा फोल ठरते.

खरी मेख शेवटच्या हप्त्यात असते. तो ‘साइट लाइव्ह झाल्यावर’ असा लिहिला, तर पैसे कधी मिळणार हे ग्राहकाच्या सवडीवर अवलंबून राहते. ‘आमच्याविषयी’ या पानाचा मजकूर येत नाही, उत्पादनांचे फोटो काढायचे राहिलेले असतात, भागीदार बाहेरगावी असतो. डिझायनरचे काम संपलेले असूनही साइट लाइव्ह होत नाही आणि हप्ता देय ठरत नाही. म्हणून तो तारखेला बांधावा. डिझाइन मंजूर झाल्यापासून 30 दिवसांत मजकूर आला नाही तरी उरलेली रक्कम देय होईल, हे वाक्य कोटेशनमध्ये असलेच पाहिजे.

तयार साइट आधी डिझायनरच्या स्वतःच्या सर्व्हरवर दाखवावी आणि पूर्ण पैसे आल्यावर ग्राहकाच्या होस्टिंगवर चढवावी. डोमेन मात्र पहिल्यापासून ग्राहकाच्याच नावावर असावे. पैसे थकले म्हणून चालू साइट परस्पर बंद पाडणे हा उपाय नव्हे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सर्व्हरमध्ये शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. त्यापेक्षा डिझाइनचे हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हस्तांतरित होतील, अशी अट आधीच लिहिणे सुरक्षित. कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखीच व्हावे लागते.

बिलात उणीव असली की ते अकाउंट्स विभागात पडून राहते. ग्राहकाचे नोंदणीकृत नाव, पर्चेस ऑर्डरचा क्रमांक, पॅन, बँक खाते, आयएफएससी आणि ‘देय तारीख’ हे सारे त्यावर हवे. टीडीएसचाही हिशेब आधीच धरावा. 10 टक्के कापले गेले तर 60 हजारांतले 54 हजारच हाती येतात. कापलेली रक्कम विवरणपत्र भरताना जमेस धरता येते. जीएसटी नोंदणी असेल तर बिल काढले की कराची देयता उभी राहते, मग पैसे आलेले असोत वा नसोत. उशिरा मिळणारे पैसे अशा वेळी दुहेरी महाग पडतात.

एवढे करूनही पैसे थकले तर 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा मदतीला येतो, आणि त्याची माहिती फार थोड्या डिझायनरांना असते हे खरोखर वाईट आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. ती काम घेण्यापूर्वीच करावी. लेखी मुदत ठरलेली नसेल तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवसांत आणि ठरलेली असली तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देणे ग्राहकावर बंधनकारक आहे. काम मिळाल्यापासून 15 दिवसांत त्याने लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलेच असे धरले जाते. पुढच्या उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. तक्रार ऑनलाइन पोर्टलवरून राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्या ग्राहकाला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

प्राप्तिकराच्या नियमांत 2023 मध्ये झालेला बदलही उपयोगी आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा होतो. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की मार्चअखेरीला कंपनीचा लेखापालच ते बिल शोधून काढतो.

दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी ग्राहकाने येणे सहीनिशी लेखी मान्य केले, तर तीन वर्षे नव्याने मोजली जातात. त्यामुळे जुन्या थकबाकीचा उतारा दरवर्षी पाठवून त्यावर ग्राहकाची सही घेऊन ठेवावी.