कुंडींतले भाडेकरू



वैशाखाच्या अखेरीस एके संध्याकाळीं पेणमधील एका जुन्या घराच्या मागील दारीं मी उभा होतों. भातखाचरांना भेगा पडल्या होत्या, विहिरीचें पाणी तळाला गेलें होतें आणि परसांतली माती तव्यासारखी तापली होती. घरच्या बाईंनीं अबोलीच्या कुंडींत तांब्याभर पाणी ओतलें, तोंच कुंडींतली माती हलली, दोन डोळे वर आले आणि मातीच्याच रंगाचा एक भेक संथपणें बाहेर येऊन बसला. बाई दचकल्या नाहींत. त्या एवढेंच म्हणाल्या, "हा आमचा तिसऱ्या वर्षाचा भाडेकरू. भाडें देत नाहीं, आणि जागाहि सोडीत नाहीं."

शेजारच्या घरीं त्याच आठवड्यांत असाच एक भेक निघाला होता. तेथें घाईघाईनें मिठाचें पाणी कुंड्यांवर ओतण्यांत आलें. भेक मेला, चार दिवसांनीं मोगराहि मेला. एकाच आळीतल्या या दोन घरांपैकीं शहाणपण कोणत्या घरीं होतें, तें आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

पेण आणि रोहें हीं दोन्ही गांवें सह्याद्री आणि खाडी यांच्या मध्यें वसलेलीं. एकाच्या कडेनें भोगावती वाहते, दुसऱ्याच्या कडेनें कुंडलिका. वर्षाकाठीं येथें तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सारा चार महिन्यांत पडून जातो. म्हणजे बेडकाच्या दृष्टीनें पाहिलें, तर ही भूमि चार महिने स्वर्ग आणि उरलेले आठ महिने बव्हंशीं वाळवंट! त्या आठ महिन्यांत ओलावा कोठें उरतो? पूर्वीं तो विहिरीच्या काठीं, मोरीच्या पाटांत आणि परसांतल्या अळूच्या वाफ्यांत उरे. आतां वाड्यांच्या जागीं सदनिका उभ्या राहिल्या, अंगणांना फरशी आली, मोऱ्यांचें पाणी नळांतून परस्पर जाऊं लागलें. अशा घराभोंवतीं नित्य ओली राहणारी माती एकच, ती कुंडीची. बेडूक आपल्या कुंडींत हौसेनें येत नाहीं. त्याला दुसरीकडे जागा उरली नाहीं, म्हणून येतो.

ओलाव्यावांचून त्याचें कां चालत नाहीं, हें त्याच्या कातडीवरून कळतें. बेडूक आपल्यासारखा तोंडानें पाणी पीत नाहीं. तो तें कातडीनें शोषतो. भेकाच्या पोटाखालीं, मागील मांड्यांच्या बाजूस, कातडीचा एक पातळ भाग असतो. तो ओल्या मातीला टेकवून स्वस्थ बसलें, कीं त्याचें पाणी पिणें झालें. श्वासाचेंहि बरेंचसें काम हीच कातडी करते, आणि त्यासाठीं ती ओली असावी लागते. आतां कुंडी पाहा. भाजलेल्या मातीच्या भिंती पाझरतात आणि पाणी उडून जातांना कुंडी गार होते. माठाचें पाणी पिणाऱ्यास हें सांगावयास नको. वर झाडाची सावली, आंत भुसभुशीत माती, भोंवतीं मुंग्या आणि किडे. याहून सोईची जागा ती कोणती?

या भाडेकरूंत मुख्य मंडळी दोन. पहिला भेक. याचें अंग खरबरीत आणि चामखिळींनीं भरलेलें, चाल जड, उडी आंखूड. मागील पायांच्या तळव्यांवरील कठीण उंचवट्यांनीं तो माती उकरतो आणि उलट्या पावलीं, पाठीकडून जमिनींत उतरतो; म्हणून शेवटीं दिसेनासें होतें तें तोंड. दुसरा वृक्षमंडूक. हा सडपातळ, पिवळट तपकिरी अंगाचा, बोटांच्या टोकांना चकत्या असलेला. त्यांच्या बळावर तो भिंतीवर, कांचेवर, स्नानगृहाच्या फरशीवरहि चिकटून बसतो. दिवसा कुंडीच्या कांठाखालीं किंवा कर्दळीच्या पानांच्या बेचक्यांत पाय पोटाशीं घेऊन हा निजतो. कोरड्या हवेंत निभाव लागावा म्हणून याच्यापाशीं एक मोठी युक्ति आहे. कातडींतून मेणचट स्राव काढून तो हातापायांनीं सर्वांगास पुसून घेतो. आपण हिंवाळ्यांत तेल चोळतों, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच, कीं त्याचें तेल त्याच्या अंगांतलेंच.

भेकाला हात लावल्यास चामखीळ येते, हा समज निराधार आहे. त्याच्या डोळ्यांमागें विषाच्या ग्रंथि असतात, हें मात्र खरें. कुत्र्यानें त्याला तोंडांत धरलें, तर कुत्र्याच्या तोंडाला फेंस येतो, आणि कांहीं वेळां प्रकरण जिवावरहि बेततें. आपण हात धुतले, डोळ्यांना लावले नाहींत, कीं आपल्याला भय नाहीं. भेक उचलला कीं तो पाणी सोडतो. तो आपल्यावर राग काढतो असें आपणांस वाटतें; पण तें पाणी त्यानें उन्हाळ्यासाठीं मूत्राशयांत सांठवलेलें असतें, आणि गरज पडल्यास तेंच तो पुन्हां अंगांत जिरवून घेतो. ऐन वैशाखांत त्याला गंमत म्हणून उचलणें म्हणजे दुष्काळांत एखाद्याचा रांजण लाथाडण्यासारखें आहे.

मृग लागला, दोन मोठ्या सरी पडल्या, कीं हे भाडेकरू घर सोडून पाण्याकडे निघतात. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत मंडूकसूक्त आहे. पहिल्या पावसानें जागे झालेल्या बेडकांच्या घोषाला तेथें वेदपठणाची उपमा दिलेली आहे. भेकाची मादी डबक्यांत हजारों अंडीं घालते. बुळबुळीत दोऱ्यांत काळे मणी ओंवावे तशीं तीं दिसतात. वृक्षमंडूकाची रीत निराळी. मादी अंगांतील द्रव मागील पायांनीं घुसळून फेंस करते आणि पाण्यावर लोंबणाऱ्या पानाला, भिंतीला किंवा पिंपाच्या कांठाला तो चिकटवून त्यांत अंडीं घालते. कांहीं दिवसांनीं आंतले बेडूकमासे खालीं पाण्यांत पडतात.

येथें माझ्या एका अपराधाची कबुली देणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या पिंपाच्या कांठाला असाच पांढरा फेंसाचा गोळा दिसला. बुरशी समजून मीं तो फिनेल टाकलेल्या पाण्यानें घासून काढला. दोन दिवसांनीं एका जाणत्या गृहस्थानें मला तें घरटें होतें असें सांगितलें. शेंकडों जीव मीं स्वच्छतेच्या नांवाखालीं मोरींत सोडले होते. अज्ञान हा गुन्हा नव्हे म्हणतात. परंतु त्याची शिक्षा दुसऱ्यानेंच भोगली, हें मला अजून डांचतें.

आतां गृहिणींच्या दोन शंका. पहिली डांसांची. कुंडीखालच्या बशींत सांचलेल्या पाण्यांत डेंग्यूचे डांस वाढतात. अंड्यापासून डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यांतून एकदां बशी रिकामी करून घासलीच पाहिजे, आणि बेडकांच्या प्रेमापोटीं यांत कसूर होतां कामा नये. बेडूक डांस खातो. पण तो सारे डांस खाऊन आपणांस निर्धास्त करील, ही आशा व्यर्थ आहे. त्याचा खरा आहार मुंग्या, वाळवी, भुंगेरे आणि झुरळें यांचा. मग फेंसाच्या घरट्याचें काय करावें? बेडूकमाशाला पाय फुटून तो बाहेर पडण्यास महिन्याहून अधिक काळ लागतो, आणि तितके दिवस पाणी उघडें ठेवतां येत नाहीं. उपाय सोपा आहे. पसरट टोपांत पावसाचें पाणी घ्यावें, घरटें पानासकट त्याच्यावर टांगावें आणि वरून डांस शिरणार नाहीं अशी बारीक जाळी बांधावी. पिलांना पाय फुटले कीं पाण्यांत एक तिरपी काठी ठेवून संध्याकाळीं जाळी सोडावी. या टोपांत गप्पी मासे मात्र सोडूं नयेत. ते डांसांच्या अळ्यांबरोबर बेडूकमाशांचाहि फडशा पाडतात.

दुसरी शंका सापाची. बेडूक आला कीं साप येतो, असें म्हणतात. यांत तथ्य आहे. धामण, दिवड आणि नाग हे बेडूक खातात. परंतु साप उंदरांसाठीं त्याहून अधिक वेळां घराशीं येतो, आणि उंदीर आपण सांडलेल्या अन्नावर पोसतों. कुंड्या उंबरठ्यापाशीं दाटीनें मांडूं नयेत, दोन कुंड्यांत हातभर अंतर ठेवावें, अंधारांत कुंड्यांमागें हात घालूं नये. इतकी खबरदारी पुरेशी आहे.

आणखी एक गोष्ट मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांसाठीं. कोकणांतून कुंडी विकत नेतांना तींत भेक निघाला, तर तो तेथेंच उतरवून ठेवावा. प्वेर्तो रिकोचा कोकी नांवाचा चिमुकला बेडूक रोपांच्या कुंड्यांतून हवाई बेटांवर पोंचला, आणि त्याच्या रात्रभराच्या शिट्यांनीं तेथील लोकांची झोंप उडाली. उंसावरचे भुंगेरे खावेत म्हणून १९३५ सालीं ऑस्ट्रेलियांत मुद्दाम भेक आणले गेले. त्यांनीं भुंगेरे आटोक्यांत आणले नाहींतच, उलट तेथल्या प्राण्यांना त्यांचें विष बाधलें. आपला मोठा पिवळा बेडूकसुद्धां अंदमानांत उपद्रवी ठरला आहे. आपल्या जागीं जो उपकारक, तोच परक्या जागीं अपकारक होतो.

आपल्या देशांतून एके काळीं बेडकांचे पाय परदेशीं जात असत. शेतांतले बेडूक झपाट्यानें कमी होऊं लागले, तेव्हां १९८७ सालीं ही निर्यात बंद झाली. कायद्यानें तेवढें केलें. परंतु कुंडींत काय ओतावें, हें सांगावयास कायदा घरोघर येत नाहीं. तें आपणच ठरवावयाचें. जी कातडी पाणी पिते, तीच औषधहि पिते; म्हणून कीटकनाशकाचा फवारा, मिठाचें पाणी, फिनेल आणि भांड्यांचें साबणाचें पाणी कुंडीपासून दूर ठेवावें. माती बदलतांना खुरपें एकदम खुपसूं नये, आधीं बोटांनीं चांचपावें. भेक निघालाच, तर ओल्या हातानें त्याला दुसऱ्या ओल्या कुंडींत ठेवावें. एखादी फुटकी कुंडी सावलींत आडवी टाकून तिच्यांत मूठभर ओला पालापाचोळा घातला, कीं तो भाग्यवान!

पेणच्या त्या बाईंना मीं विचारलें, "याची तुम्हांला किळस येत नाहीं?" त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षीं आली. दुसऱ्या वर्षीं संवय झाली. यंदा मेच्या सुट्टींत आम्हीं परगांवीं जाणार होतों, तेव्हां झाडांना पाणी घालायला एक मुलगा ठरवला, आणि त्याला बजावलें, कीं अबोली वाळली तरी चालेल, पण ही कुंडी कोरडी पडूं देऊं नकोस."

येत्या मृगांत आपल्या कुंडीमागून टक्-टक् असा लाकडावर टिचकी मारल्यासारखा आवाज आला, तर दिवा लावून एकदां पाहावें. पाहावें, आणि दिवा मालवून त्याला त्याचें काम करूं द्यावें.