विरळ हवेतला पंप

उंचीच्या आजारांबद्दल वैद्यकाला आज जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं एकाच लाकडी इमारतीत कळलेलं आहे. इटली आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर माँते रोझा नावाचा बर्फाच्छादित पर्वतसमूह आहे. त्यातल्या एका शिखरमाथ्यावर, साडेचार हजार मीटरच्याही वर, ‘कापान्ना मार्गेरिता’ उभी आहे. 1893मध्ये तिचं उद्घाटन झालं आणि जिचं नाव तिला दिलं ती राणी मार्गेरिता स्वतः डोंगर चढून तिथे मुक्कामाला आली. पाठोपाठ तुरीनचे शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो आपली उपकरणं घेऊन पोहोचले. 1980मध्ये जुनी वास्तू उतरवून नवी बांधली. वीज पडली तर आतल्यांना इजा होऊ नये म्हणून ती बाहेरून तांब्याच्या पत्र्याने मढवलेली आहे.

मी तिथे गेलो तो गिर्यारोहक म्हणून कमी आणि या विषयाचा वारकरी म्हणून जास्त. आलान्या गावातून निघून केबल कारने 3275 मीटरवर उतरायचं, निफेत्ती हटमध्ये रात्र काढायची आणि पहाटे दोर बांधून हिमनदीवरून चालू लागायचं. दरीतला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माथ्यावर! शरीराला सवय व्हायला सवडच मिळत नाही. संध्याकाळी जेवणाच्या लांब टेबलावर वाफाळता पास्ता आला, तर निम्म्या थाळ्या तशाच बाजूला सरकवलेल्या. धडधाकट तरुण कपाळ तळव्यात धरून बसलेले. संशोधकांना हवं असतं ते नेमकं हेच.

थोडी पार्श्वभूमी. वर गेलं की हवेतला प्राणवायूचा टक्का तोच राहतो, दाब मात्र घटतो. लेहला, साधारण 3500 मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. डोकेदुखी, मळमळ, झोप उडणं हा झाला साधा पर्वतीय आजार. ट्रेकर मंडळी ज्याला ‘एएमएस’ म्हणतात तो. फुप्फुसात पाणी भरणं हा वेगळा आणि जीवघेणा प्रकार; तो ‘हेप’. 1962च्या युद्धानंतर भारतीय सैन्यातले डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1969मध्ये 1925 जवानांचा अभ्यास छापला; तो आजही संदर्भासाठी काढला जातो.

आता माझ्या आवडीचा भाग. हेप होणाऱ्या माणसाच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या विरळ हवेत फार जोरात आवळतात, दाब वाढतो आणि पाणी पाझरतं. इथवर सगळ्यांना मान्य होतं. लोझानच्या क्लाउडिओ सार्तोरी आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला: पाझरलेलं पाणी बाहेर कोण काढतं? वायुकोशांचं अस्तर सोडियम आत ओढून घेतं आणि त्यामागोमाग पाणीही जातं. तळघरात शिरलेलं पाणी मोटर लावून उपसावं तसं. काहींची ही मोटर मुळातच मंद असेल तर? दम्याच्या पंपातलं साल्मेटेरॉल हे औषध तिला वेग देतं, हे प्रयोगशाळेत दिसलेलं होतं. म्हणून त्यांनी पूर्वी हेप होऊन गेलेले 37 गिर्यारोहक निवडले, निम्म्यांना खरं औषध दिलं, निम्म्यांना बिनऔषधाचा पंप, आणि सगळ्यांना मार्गेरितावर नेलं. 2002मध्ये निकाल छापून आला. बिनऔषधाच्या गटात 74 टक्के लोकांना हेप झाला, साल्मेटेरॉलच्या गटात 33 टक्के. मात्रा मात्र दम्याला देतात त्याच्या दुपटीहून जास्त होती, त्यामुळे हे घरच्या घरी करून पाहण्याचं काम नव्हे. हेप टाळायला आजही पहिली पसंती निफेडिपिनच्या गोळीला असते. तरीही हा प्रयोग मला अतिशय सुंदर वाटतो. त्याने दोष फक्त गळतीत नाही, उपशातही असू शकतो, हे दाखवलं.

इथे झाकोते यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. 1891मध्ये हा तरुण डॉक्टर माँ ब्लाँवरच्या व्हालो निवाऱ्यात आजारी पडला. उंचीचा परिणाम स्वतःवर पाहता येईल म्हणून खाली जायला त्याने नकार दिला आणि तिथेच त्याचा अंत झाला. शवविच्छेदनात फुप्फुसं पाण्याने भरलेली आढळली. मोस्सोंनी ही हकीकत नोंदवून ठेवली. पण या आजाराला वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळायला 1960 साल उजाडावं लागलं.

दुसरा पंप ब्युडेसोनाइडचा. हे स्टेरॉइड श्वासातून घेतलं तर साधा एएमएस टळतो, असे निष्कर्ष 2014च्या सुमारास चीनमधून आले आणि अनेकांना आशा वाटली. गोळी नको, रक्तात फारसं औषध नको, दोन झुरके घेतले की झालं! मग मार्गेरितावरच, आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटनवर 3810 मीटर उंचीवर, काटेकोर चाचण्या झाल्या. दोन्ही ठिकाणी ब्युडेसोनाइड बिनऔषधाच्या पंपाइतकंच निरुपयोगी ठरलं. व्हाइट माउंटनवर शेजारच्या गटातली ॲसिटाझोलामाइडची गोळी, म्हणजे आपली डायमॉक्स, मात्र उपयोगी पडली. मला यात नवल वाटत नाही. एएमएसचं दुखणं प्रामुख्याने डोक्यातलं. फुप्फुसाच्या नळ्यांवर औषध फवारून ते का थांबावं? डायमॉक्स मूत्रपिंडामार्फत रक्ताची आम्लता किंचित वाढवते, त्यामुळे माणूस जास्त श्वास घेतो, झोपेतसुद्धा. पर्वतीय वैद्यकातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही आता एएमएस टाळण्यासाठी ब्युडेसोनाइड वापरू नये असं स्पष्ट म्हटलं आहे.

लेहच्या हॉटेलांत पुण्या-मुंबईचे पाहुणे रुमालात बांधलेला कापूर हुंगताना दिसतात. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं हे खरं, पण रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. मला खरी चिंता वाटते ती कापराच्या भरवशावर दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला गाठणाऱ्यांची. विमानाने लेहला उतरल्यावर दोन दिवस गावातच काढावेत. 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. स्वस्थ बसल्यावरही धाप लागत असेल, तर त्याच घटकेला खाली उतरावं, रात्र असली तरी.

ज्यांना दमा आहे त्यांनी मात्र आपला नेहमीचा पंप घरी ठेवू नये. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा लडाखमध्येही चुकवायची नाही. थंड, कोरड्या, धुळीच्या हवेत दमा उसळू शकतो. आणि पंप सामानाच्या गाडीत न टाकता जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा, कारण गारठलेल्या पंपातून औषधाचा फवारा नीट येत नाही.