लिहील यंत्र, उत्तर कोण देणार?

खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. १६१० साली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर वसवणारा आणि त्या नगराला जमिनीखालच्या नहरीने पाणी देणारा हा मुत्सद्दी १६२६ मध्ये निवर्तला. नहर मात्र त्यानंतरही शतकानुशतके वाहत राहिली. तिच्या मार्गावर ठिकठिकाणी विवरे ठेवलेली होती. माणसाने आत उतरावे, गाळ काढावा, फुटले असेल तेथे सांधावे, यासाठी. बांधणारा गेला तरी बांधकाम समजणारी माणसे असलीच पाहिजेत, हे त्या योजनेत गृहीत होते. संगणकाचे प्रोग्रॅम आता यंत्राकडूनच लिहून घेतले जात असताना नेमके हेच गृहीत डळमळू लागले आहे.

काय हवे ते साध्या भाषेत सांगावे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने क्षणार्धात शेकडो ओळींचा कोड लिहून द्यावा, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. गूगल कंपनीतील एक चतुर्थांशाहून अधिक नवा कोड यंत्र निर्माण करते आणि अभियंते तो तपासून स्वीकारतात, असे तिच्या प्रमुखांनी ऑक्टोबर २०२४ मध्येच जाहीर केले होते. ह्या विधानाच्या पूर्वार्धाची चर्चा फार झाली. महत्त्वाचा आहे तो उत्तरार्ध. तपासणारा अभियंता तयार कोठे होतो?

खुलताबाद तालुक्यातील मुलगा किंवा मुलगी शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयात जाते आणि तेथून पुण्याच्या हिंजवडीची वाट धरते, तेव्हा पहिली दोन-तीन वर्षे तिच्या वाट्याला साधीच कामे येतात. दुसऱ्याच्या कोडमधील चुका शोधणे, लहानसहान दुरुस्त्या करणे, चाचण्या घेणे ही ती कामे. शेतीच्या उत्पन्नातून किंवा कर्ज काढून भरलेल्या फीची फेड ह्याच पगारातून होते. आणि खरे शिक्षणही ह्याच काळात घडते. नेमकी हीच कामे यंत्र सर्वांत सहज करते.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. परंतु त्या प्रामुख्याने मधल्या व वरच्या श्रेणीतील होत्या आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे त्याचे कारण नसल्याचे कंपनीने सांगितले. अमेरिकेतील चित्र मात्र विचार करायला लावणारे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी ऑगस्ट २०२५ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, २२ ते २५ वर्षांच्या प्रोग्रॅमरांचा रोजगार २०२२ च्या अखेरीच्या तुलनेत सुमारे एक पंचमांशाने घटला. अनुभवी प्रोग्रॅमरांचा तसा घटला नाही. म्हणजे शिडी उभी आहे, पण तिची खालची पायरी झिजते आहे.

बँकांतील संगणकीकरणाचा पहिला करार १९८३ साली झाला, तेव्हाही कारकुनांच्या पोटावर पाय येणार अशी भीती होती. कामाचे स्वरूप बदलले, पण बँकिंग बुडाले नाही, हा दाखला आज पुष्कळदा दिला जातो. तो खोटा नाही, अपुरा आहे. खतावणीतील बेरीज यंत्र करू लागले, तेव्हा ती चुकली असेल तर ओळखणारे कारकून जुन्या पद्धतीत तयार झालेले होते. आता यंत्र काम हाती घेते आहे आणि त्यासोबत उमेदवारीही.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर कोड लिहिण्याचा खर्च झपाट्याने उतरला, पण तो समजून घेण्याचा खर्च उतरलेला नाही. जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सोळा अनुभवी प्रोग्रॅमरांना ही साधने वापरून कामे दिली गेली. त्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला. आपण सुमारे वीस टक्के लवकर उरकले, असे मात्र त्यांना वाटत होते. प्रयोग लहान आहे, त्यावरून सरसकट अनुमान काढता येणार नाही. तरीही वेग आणि वेगाचा भास यांतील अंतर त्यातून दिसते. त्याच महिन्यात अमेरिकेत अशाच एका यंत्राने, काहीही बदलू नये अशी स्पष्ट सूचना असताना, एका उद्योजकाचा चालू माहितीसाठा पुसून टाकला. असा अपघात पगारपत्रकात, पीकविम्याच्या यादीत किंवा परीक्षेच्या निकालात घडला, तर जाब कोणाला विचारायचा?

कंपन्यांच्या दृष्टीने पाहता नवशिक्याला पगार देऊन शिकवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाईल, मग खर्च आपण का करावा? प्रत्येकाने असा विचार केला, तर प्रत्येकाचा हिशेब बरोबर येतो आणि सर्वांचा मिळून चुकतो. दहा वर्षांनी जुने जाणकार निवृत्त होतील, त्यांच्या जागी येणारे कोणीच नसेल आणि कोडचे डोंगर मात्र उभे असतील.

बाजार जे करत नाही ते समाजाने करावयाचे असते. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा हाताशी आहे आणि १९७३ पासून त्यात पदवीधर अभियंत्यांचाही समावेश आहे; संगणक क्षेत्रात तो नेटाने राबवता येईल. सरकारी खात्यांनी प्रोग्रॅम विकत घेताना, तो वाचून त्याची जबाबदारी घेणाऱ्या माणसाची सही करारात मागावी. महाविद्यालयांनी पाठ केलेला प्रोग्रॅम लिहून घेणारी परीक्षा सोडावी आणि यंत्राने लिहिलेला सदोष प्रोग्रॅम विद्यार्थ्यापुढे ठेवून त्यातील चूक शोधायला व तिचे कारण सांगायला लावावे. विद्यार्थ्यांनीही उत्तर मिळाले म्हणजे विषय समजला, ह्या समजुतीतून बाहेर पडले पाहिजे.

यंत्राला विरोध करून काही साधणार नाही. त्याची गरजही नाही. नहर लांबवर न्यावी, जलद न्यावी. फक्त आत उतरण्याची विवरे बुजवू नयेत आणि उतरणारी माणसे घडवण्याचे थांबवू नये.