लाइपझिगचा फाल्गुन-चैत्र

जर्मनीला जायचं तर मे ते सप्टेंबरमध्ये, नाहीतर थेट नाताळच्या बाजारांना, असा बहुतेकांचा हिशेब असतो. मार्च-एप्रिलचं नाव सहसा कुणी काढत नाही. झाडं निष्पर्ण असतात, दुपारीही पारा दहा अंशांच्या आसपास रेंगाळतो, आणि एकाच दिवसात ऊन, पाऊस नि गारा तिन्ही वाट्याला येऊ शकतात. तरीही पूर्व जर्मनीतलं लाइपझिग पाहायचं तर याच दिवसांत पाहावं, असं मी आग्रहाने सांगेन. या शहराचं जे काही खास आहे, ते हिवाळा सरताना उलगडत जातं.

पहिली खूण नाकाला कळते. लाइपझिगच्या ऐन मधून, नद्यांच्या काठाकाठाने पूरमैदानातलं जुनं जंगल पसरलं आहे. मार्चच्या मध्यापासून त्या जंगलाची जमीन रानलसणीच्या पानांनी हिरवीगार होते आणि उबदार दुपारी लसणाचा वास बागेतल्या रस्त्यांपर्यंत येतो. वरच्या ओक आणि ॲश वृक्षांना पालवी फुटायला अजून अवकाश असतो, म्हणून ऊन थेट जमिनीवर उतरतं. तेवढ्या काही आठवड्यांच्या उन्हावर रानलसूण कंदात वर्षभराची बेगमी करून घेते. वरचं छत दाट झालं की पानं पिवळी पडतात आणि जूनअखेर तिचा मागमूस उरत नाही. जुलैतल्या पर्यटकाला हे जंगल छान वाटेल, पण त्याला ते अर्धंच दिसलेलं असतं.

इथले लोक ही पानं सूपमध्ये, लोण्यात, पेस्टोमध्ये घालतात. स्वतः खुडायचा मोह मात्र नवख्याने टाळावा. लिली ऑफ द व्हॅली आणि कोल्चिकम या विषारी झाडांची पानं बरीच तशीच दिसतात, आणि एकदा हाताला लसणाचा वास लागला की वासावरून ओळखण्याची सोयही उरत नाही. जंगलाची प्रकृती आता पूर्वीसारखी नाही, हेही सांगायला हवं. नद्यांना बांध घालून त्या सरळ केल्याने पुराचं पाणी येईनासं झालं, आणि ॲशच्या झाडांना बुरशीच्या रोगाने ग्रासलं आहे.

जंगलाच्या आसपास कुंपणं घातलेल्या छोट्या छोट्या बागा दिसतात. फ्लॅटमध्ये राहणारी माणसं त्या भाड्याने घेऊन कसतात. जर्मनीभर त्यांना ‘श्रेबरगार्टन’ म्हणतात आणि ते नाव लाइपझिगचं. 1864 मध्ये हाउशिल्ड नावाच्या शाळाप्रमुखाने मुलांच्या खेळासाठी एक संस्था काढली आणि तिला दिवंगत डॉक्टर श्रेबर यांचं नाव दिलं. मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे आखले, मुलं कंटाळली आणि आईवडिलांनी ते ताब्यात घेतले. या दिवसांत तिथे माती उकरण्याची, फांद्या छाटण्याची लगबग असते. कुंपणाच्या झुडपांना मात्र मोठी कात्री लावता येत नाही. पक्ष्यांच्या विणीसाठी 1 मार्च ते 30 सप्टेंबर कायद्यानेच मनाई आहे.

शहराचा पैसाही याच ऋतूतून आला. पुढे सम्राट झालेल्या राजा माक्सिमिलियनने 1497 मध्ये लाइपझिगच्या जत्रांना शाही संरक्षण दिलं. वर्षाकाठच्या तीन जत्रांपैकी ईस्टरची जत्रा पुस्तकव्यापाराची. जर्मन प्रदेशभरचे प्रकाशक आणि विक्रेते तिथे जमून वर्षाचे हिशेब मिटवत. त्याच व्यवहारातून 1825 मध्ये पुस्तकविक्रेत्यांची संघटना इथे उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर देशाची फाळणी झाली आणि पुस्तकांचा मोठा व्यापार फ्रँकफर्टकडे गेला. लाइपझिगचा ग्रंथमेळा तरीही टिकला. तो बहुधा मार्चमध्ये भरतो आणि त्याच दिवसांत शहरभर, चर्चपासून पबपर्यंत, लेखक आपलं लेखन वाचून दाखवतात. फ्रँकफर्टमध्ये हक्कांचे सौदे होतात, इथे वाचक येतात. मला इथला मेळा जास्त जवळचा वाटतो.

आता ईस्टर. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार म्हणजे ईस्टर, म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान सरकत राहतो. अधिक मासाने गणित बदलत नाही त्या वर्षी तो आपल्या हनुमान जयंतीच्या पाठोपाठ येतो. 2023 मध्ये जयंती 6 एप्रिलला होती, ईस्टर 9 एप्रिलला.

ईस्टरआधीचे सहा-सात आठवडे उपवासाचे. योहान सेबास्टियन बाख 1723 मध्ये इथे थोमास चर्चचा संगीतप्रमुख झाला, तेव्हा या काळात, 25 मार्चचा सण सोडला तर, चर्चमध्ये वाद्यवृंदासह मोठं संगीत होत नसे. एरवी दर रविवारी नवं कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची रचना, उभं करण्याची धावपळ. या आठवड्यांत ती थांबे आणि हातात गुड फ्रायडेचं मोठं काम घेता येई. शहरातलं ऑपेरागृह 1720 मध्येच बंद पडलेलं. इतक्या दिवसांच्या शांततेनंतर, येशूच्या यातना आणि मृत्यूची कथा गाऊन सांगणारं, मधे प्रवचन घेऊन दोन भागांत चालणारं ‘पॅशन’ त्या श्रोत्यांच्या कानांवर कसं आदळलं असेल!

पहिल्याच वर्षी जागेवरून वाद झाला. बाखने पुस्तिकेवर थोमास चर्च छापून टाकलं होतं. नगरपरिषदेने बजावलं, यंदाची पाळी निकोलाय चर्चची. बाखने उत्तर दिलं की तिथे गायकांना जागा कमी आहे आणि हार्पसिकॉर्ड दुरुस्तीला आलं आहे. परिषदेने दोन्हींची सोय केली आणि 7 एप्रिल 1724 रोजी ‘सेंट जॉन पॅशन’ निकोलाय चर्चमध्ये झालं. (1989 मध्ये सोमवारच्या शांतिप्रार्थनांनंतर ज्याच्या दारातून लोक पूर्व जर्मनीच्या राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेच हे चर्च.) दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंद लागणारं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ 1727 च्या गुड फ्रायडेला थोमास चर्चमध्ये झालं.

आजही त्या आठवड्यात थोमास चर्चमध्ये बाखचं पॅशन ऐकायला मिळतं; तिकीट बरंच आधी काढावं. गुड फ्रायडे, ईस्टरचा रविवार आणि सोमवार दुकानं बंद असतात, तेव्हा खाण्याचं सामान गुरुवारीच घेऊन ठेवावं. पॅशनचं तिकीट हुकलंच, तर थोमास चर्चमध्ये एरवी शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी दुपारी गाठावं. शाळेला सुट्टी नसेल आणि मुलं दौऱ्यावर नसतील, तर 1212 पासून चालत आलेला तिथला मुलांचा गायकवृंद थोडक्या पैशांत ऐकता येतो.