बॅटरी बदलण्यापूर्वी तीन मापं
(लेखांक ४)

गेल्या लेखांकात शिशाच्या बॅटरीची रचना पाहिली: सहा सेल, प्रत्येकाचं व्होल्टेज सुमारे २.१, शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधलेलं हे रसायन आजही आपल्या गाडीत आणि इन्व्हर्टरखाली आहे. ते दगा देतं तेव्हा काय करायचं, हे आज पाहू.

सकाळी सेल्फ मारावा आणि गाडीने नुसतं टिकटिक करावं. गॅरेजमधून माणूस येतो, ‘बॅटरी गेली’ म्हणतो आणि तासाभरात नवी बसते. कधी ती खरंच गेलेली असते. पण पुष्कळदा ती फक्त उतरलेली असते. ती का उतरली हे न शोधता नवी बसवली, तर काही आठवड्यांनी तीही तशीच उतरते आणि पैसे पाण्यात जातात. म्हणून माझा आग्रह आहे की घरात थर्मामीटर असतो तसा एक साधा मल्टिमीटर असावा. तो महाग नाही, आणि वापरायला पाच मिनिटांत येतो.

पहिलं माप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन सुरू न करता घ्यायचं. १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२.० च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. हे आकडे चालवून आणल्याबरोबर पाहू नयेत. तेव्हा व्होल्टेज फुगलेलं असतं. दुसरं माप सेल्फ मारताना. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा. भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज या वेळी साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर ती थकली आहे. तिसरं माप इंजिन चालू असताना. इथे साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. चालू इंजिनावरही साडेबारा दिसत असतील, तर दोष अल्टरनेटरचा, त्याच्या पट्ट्याचा किंवा जोडण्यांचा. अशा गाडीत कितीही नव्या बॅटऱ्या बसवल्या तरी त्या भरणारच नाहीत.

रात्रभर चार्ज करूनही बॅटरी १०.५ च्या आसपास अडकून राहिली, तर बहुधा सहापैकी एक सेल मेला आहे. २.१ गुणिले पाच, हिशोब सरळ आहे. अशी बॅटरी बदलायचीच.

मीटर लावण्याआधी टर्मिनल मात्र पाहून घ्या. त्यांच्यावर पांढरा-हिरवा खार चढलेला असतो, लग (केबलची टोकं) सैल झालेले असतात, आणि चांगल्या बॅटरीचा करंटही सेल्फपर्यंत पोहोचत नाही. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने खार घासून काढा, पुसून कोरडं करा, पाना लावून लग घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. लग काढताना आधी वजा, बसवताना आधी अधिक. हा क्रम पाळला की पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे तिच्याजवळ ठिणगी धोक्याची. दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावतानाही म्हणूनच शेवटची वजा चिमटी उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावायची.

आता खरा शत्रू. बॅटरी वापरताना पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होतं आणि चार्ज करताना ते विरघळतं. बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट राहिली, तर हे सल्फेट कठीण स्फटिकांत बदलतं आणि मग चार्जरने पुरतं सुटत नाही. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, रिमोट लॉक यांसाठी थोडा करंट जातच असतो. तो ५० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत अर्ध्यावर येते. सुट्टीत महिनाभर सोसायटीत उभी राहिलेली गाडी परतल्यावर का रुसते, ते यावरून कळावं. अशी गाडी धक्का मारून सुरू केली आणि बाजारापर्यंत एक फेरी मारून आणली, तर उतरलेली बॅटरी भरत नाही. शेवटचा हिस्सा भरायला काही तास लागतात. क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे इथे साडेतीन अँपिअरचा चार्जर रात्रभर लावणं हाच उपाय.

इन्व्हर्टरच्या बॅटरीची गत वेगळी. तिचं पाणी चार्जिंगमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडतं, आम्ल मागे राहतं. म्हणून भर फक्त डिस्टिल्ड वॉटरची घालायची, आम्लाची कधीच नाही. ‘आमच्या फिल्टरचं पाणी शुद्ध आहे’ असं अनेक घरांत ऐकू येतं. ते पिण्यासाठी शुद्ध आहे. त्यातले क्षार पट्ट्यांना चालत नाहीत. पाणी पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत घाला. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील इतपत आधीच घाला. बंद कपाटात ठेवलेली बॅटरी तापते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. तिला हवा लागू द्या. वीज क्वचित जाणाऱ्या शहरी घरांनी महिन्यातून एकदा मेन बंद करून तासभर भार टाकावा. बॅटरीची ताकद ऐन उकाड्यात कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

रिमोट आणि घड्याळाच्या सेलबद्दल थोडक्यात: जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका, जुना आधी संपतो आणि गळून आतल्या पट्ट्या खातो. आणि बटणासारखे चपटे सेल लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. घरगुती उपाय करत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

बदलण्याची वेळ आलीच, तर क्षमता, आकार आणि टर्मिनलची बाजू जुन्यासारखीच हवी. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना त्यांच्याच प्रकारची बॅटरी लागते. साधी स्वस्तातली तिथे टिकत नाही. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं, म्हणून तिला भाव मिळतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारात गेलेली बॅटरी कुठे तरी उघड्यावर फुटते, आम्ल गटारात जातं, शिसं भट्टीवर वितळतं आणि त्याची वाफ शेजारच्या मुलांच्या मेंदूपर्यंत पोहोचते. दुकानदार दोनशे रुपये कमी देतो म्हणाला तरी त्यालाच द्या, आणि बिलावर जुनी परत घेतल्याची नोंद करून घ्या.